मुलाला एकटे कधी सोडावे? वय विचारण्याआधी काम विचारावे

मूल किती वर्षांचे झाले म्हणजे त्याला घरात एकटे ठेवावे किंवा खालच्या दुकानात एकटे पाठवावे, याचे उत्तर भारतीय कायद्यात शोधू गेल्यास कोणताही आकडा हाती लागत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला मारहाण केली, टाकून दिले किंवा जाणूनबुजून असे दुर्लक्ष केले की त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना व्हाव्यात, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये १२ वर्षांचा उल्लेख आहे खरा, परंतु ते कलम मुलाला कायमचे टाकण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून जाणाऱ्यांसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलीला दुधाची पिशवी आणायला पाठवणाऱ्या आईचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्रीय नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, पायी जाण्याजोग्या अंतरावर असावी असे म्हटले आहे. म्हणजे मूल चालत शाळेत जाईल हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे. कधीपासून, कोणत्या रस्त्याने आणि कोणाबरोबर, हे त्यांनी पालकांवर सोपवले आहे.

पालक मात्र हा निर्णय बहुधा शेजाऱ्यांकडे पाहून घेतात. बडोद्यात दांडिया बाजारात वाढलेल्या आणि आता मांजलपूर, गोत्री किंवा वाघोडिया रोडवरच्या सोसायट्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत याचे दोन टोकाचे नमुने दिसतात. आजोबा सांगतात की आम्ही सातव्या वर्षी सुरसागर तलावापर्यंत भटकून यायचो. सून सांगते की आता दिवस तसे राहिलेले नाहीत. दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे, आणि म्हणूनच वाद संपत नाही.

आधी वयाचे पाहू. जबाबदारी सोपवण्याचे वय म्हणून साधारण सहा-सात वर्षांचा टप्पा अनेक समाजांनी आपापल्या अनुभवातून हेरलेला आहे. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जगातल्या पन्नास समाजांविषयीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळणे, गुरे राखणे, घरकाम करणे अशी कामे पाच ते सात वर्षांच्या सुमारास मुलांकडे येऊ लागतात असे त्यांना आढळले. आपल्याकडे गृह्यसूत्रांनी ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी आठवे वर्ष सांगितले, आणि मुंजीनंतर त्याने आईबापांना सोडून गुरूच्या घरी राहायचे असे. भारतीय दंडविधानाने आणि आता न्याय संहितेनेही सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानलेले नाही. सात ते बारा या वयात मात्र त्या मुलाला आपण काय करतो याची समज होती का, हे पाहिले जाते. या वयात खरोखरच काहीतरी बदलते. मूल तीन-चार पायऱ्यांची सूचना लक्षात ठेवू शकते, मनात आलेली ऊर्मी क्षणभर रोखू शकते, आणि समोरच्या माणसाला काय दिसत असेल याचा विचार करू शकते.

पण सगळ्या क्षमता एकदम येत नाहीत, आणि वयाचा एकच आकडा धरून बसणे इथे फसते. रस्ता ओलांडण्याचेच घ्या. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ६ ते १४ वर्षांच्या मुलांना पडद्यांवर उभ्या केलेल्या कृत्रिम रस्त्यासमोर उभे करून पाहिले. दोन गाड्यांमधली फट ओळखणे आणि ती दिसताच वेळेवर पाऊल टाकणे या दोन्ही गोष्टींचा मेळ मोठ्यांच्या सफाईने घालायला चौदावे वर्ष उजाडावे लागते, असे त्यांच्या २०१७ मधल्या निष्कर्षांत दिसले. म्हणजे जे सात वर्षांचे मूल पैशाचा हिशेब बिनचूक सांगते, निरोप शब्दशः पोचवते आणि आजीला गोळीची आठवण करते, त्याच मुलाला समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा वेग कळत नाही. ते हुशार नाही असा याचा अर्थ नव्हे. डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराच्या वाढण्यावरून वेग ताडणे ही वेगळीच कला आहे आणि ती उशिरा पिकते.

यासाठी मूल किती मोठे आहे यापेक्षा, या कामात त्याच्याकडून कोणती चूक होऊ शकते आणि ती चूक परवडणारी आहे का, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. दहा रुपये हरवणे, ताकाऐवजी दही आणणे, दुकानात लाजून उभे राहणे, गुडघा खरचटणे, घरी यायला पाऊण तास लावणे या परवडणाऱ्या चुका आहेत; किंबहुना शिकण्यासाठी त्या व्हाव्याच लागतात. चालत्या वाहनासमोर येणे, खोल पाण्यात उतरणे, गच्चीच्या कठड्यावर चढणे, विजेच्या उघड्या तारेला हात लावणे या चुकांना दुसरी संधी नसते. पहिल्या प्रकारच्या चुकांपासून मुलाला वाचवत बसू नये आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकांच्या बाबतीत त्याच्या शहाणपणावर भिस्त ठेवू नये.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. सोसायटीच्या फाटकासमोर पंधरा-वीस फुटांचा रस्ता आणि पलीकडे दूधकेंद्र, अशी रचना बडोद्यात ठिकठिकाणी आहे. मोठ्या माणसाला हे एक काम वाटते. सात वर्षांच्या मुलासाठी त्यात आठ-दहा कामे असतात. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे पाहावे हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु सोसायटीसमोरच्या रस्त्यावर उलट दिशेने येणारी स्कूटर ही नित्याची गोष्ट असल्याने दोन्ही बाजूंना दोनदा पाहायला शिकवावे लागते. फाटकाबाहेर मोटार उभी असेल तर पावणेचार-चार फुटांचे मूल तिच्याआड पूर्ण झाकले जाते, आणि त्यालाही रस्ता दिसत नाही. म्हणून मोटारीच्या बाहेरच्या कडेशी येऊन दुसऱ्यांदा थांबायचे, डोके पुढे काढून पाहायचे आणि मगच निघायचे. हातातले नाणे रस्त्यात पडले तर वाकून उचलायचे नाही, हे तोंडी सांगून भागत नाही. एकदा मुद्दाम नाणे पाडून, ते तिथेच टाकून पुढे जाण्याचा सराव करून घ्यावा लागतो, कारण नाण्यामागे धावणे हा मुलाचा विचार नसतो, ती उडी असते. मध्ये गाय बसलेली असेल तर तिच्या मागून जायचे की पुढून, दुकान बंद असेल तर पुढच्या दुकानाकडे वळायचे की घरी यायचे, सुटे पैसे नसल्याने दुकानदाराने चॉकलेट हातावर ठेवले तर घ्यायचे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली असली की मूल गोंधळत नाही.

हे काम सोपवण्याचा क्रमही असाच तुकड्यातुकड्यांनी असावा. आधी मूल आपल्याबरोबर येते. नंतर मूल पुढे आणि आपण मागे, आणि हे सर्वांत कठीण, आपण गप्प. कधी निघायचे ते त्याने ठरवायचे आणि त्याने चुकीच्या वेळी पाऊल उचलले तरच खांदा धरायचा. मग आपण फाटकाशी थांबतो, मग गॅलरीतून पाहतो, आणि एक दिवस पाहत नाही. कोणाला हे आठवड्यात जमते, कोणाला वर्ष लागते. चंचल मुलाला किंवा नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला अधिक वेळ द्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेजारचा मुलगा केव्हाचा एकटा जातो, हा मुद्दा इथे पूर्णपणे गैरलागू आहे.

आता भीतीकडे येऊ. पालकांना विचारले तर बहुतेक जण पहिल्यांदा पळवून नेणाऱ्याचे नाव घेतील. जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवते. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे, आणि बुडून मरण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वाधिक आहे. बडोद्याच्या बाबतीत त्यात स्थानिक भर घालावी लागते. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांतून फिरताना लोकांनी पाहिल्या. तेव्हा नदीकाठ आणि पावसाळ्यातली तुंबलेली मैदाने मुलांसाठी वर्ज्य, यात वाटाघाटीला जागा नाही. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी अगाशीवर (गच्चीवर) वर पाहत मागे मागे सरकणारे मूल आणि कटलेल्या पतंगामागे रस्त्यावर धावणारे मूल ही दोन्ही चित्रे दरवर्षी दिसतात, आणि दोन्हींत धोका उंची आणि वाहन यांचा आहे. दोन दिवस अगाशीवर एक मोठा माणूस पतंग न उडवता नुसता उभा राहील, एवढी व्यवस्था पुरते. पण पतंग न उडवायला तयार होणारा काका बडोद्यात मिळणे कठीण, हेही कबूल केले पाहिजे.

मोठे माणूस बरोबर असणे म्हणजे सुरक्षितता, हा समजही तपासून घ्यावा. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. ती मुले एकटी नव्हती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवलेली होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. कोणी सोबत आहे की नाही याच्याइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो तिथला धोका कोणी आवरला आहे का, हा.

अनोळखी माणसाच्या भीतीबाबतही असेच. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. त्यामुळे ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ ही शिकवण दोन्हीकडून अपुरी पडते. ओळखीच्या माणसाविषयी ती काहीच सांगत नाही, आणि नवरात्राच्या गर्दीत हात सुटलेल्या मुलाला ज्या वेळी अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागते त्या वेळी ती त्याची जीभ बांधते. त्याऐवजी दोन नियम जास्त उपयोगाचे आहेत. कोणीही, अगदी मामा किंवा शिकवणीचे सरसुद्धा, कुठे चल म्हणाले तर आधी घरी विचारायचे. आणि हरवल्यास जिथे आहोत तिथेच थांबून, लहान मुलाला घेऊन आलेल्या एखाद्या बाईला किंवा पोलिसाला आईबाबांचे पूर्ण नाव आणि फोन नंबर सांगायचा. पाच वर्षांच्या मुलाला नंबर चालीवर म्हणायला शिकवला तर तो पाठ होतो. चाइल्डलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे दोन नंबर थोड्या मोठ्या मुलांना माहीत असावेत.

आजोबांच्या सुरसागराच्या फेऱ्यांचे इथे स्पष्टीकरण मिळते. त्या काळी पोळात (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत), वाड्यात किंवा रावपुऱ्याच्या गल्लीत मूल एकटे फिरत असे असे आपण म्हणतो, परंतु ते एकटे कधीच नव्हते. ओट्यावर भाजी निवडणारी काकू, दुकानाच्या फळीवर बसलेले शेठ, सायकल दुरुस्त करणारा, आणि कोपऱ्यावर लगोरी खेळणारी आठ-दहा मोठी मुले, अशी डझनभर माणसे त्याला नावाने किंवा निदान ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून ओळखत आणि प्रसंगी रागेही भरत. देखरेख होतीच, फक्त ती आईच्या एकटीच्या माथी नव्हती. ओट्याची जागा पार्किंगने घेतल्यावर सगळी जबाबदारी दोन माणसांवर आली, आणि त्या दोघांनाही नोकरी आहे. तरीही काही नजरा आजही जमवता येतात. फाटकावरचा वॉचमन, इस्त्रीवाला, दूधकेंद्रावरच्या बेन यांना ‘आमची मुलगी आजपासून एकटी येणार आहे’ एवढे सांगून ठेवले तर फरक पडतो. आरोपी बहुधा ओळखीचाच असतो या आकडेवारीमुळे कोणी बिचकेल, पण सुरक्षितता इथे अनेकांच्या नजरेत, उघड्यावर असण्यातून येते. मुलाला एकाच ओळखीच्या माणसाच्या हवाली करून दार लावून घेणे आणि दहा जणांच्या देखत रस्ता ओलांडू देणे, या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत.

वाहनांच्या बाबतीत मात्र आजोबांनी सुनेचे ऐकायला हवे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ते प्रमाण ९ टक्के झाले. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार त्याचे श्रेय घेत होते. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुधारलेले नाहीत, मुलेच रस्त्यावरून हटवली गेली आहेत. नेदरलँड्सने निराळा मार्ग धरला. १९७१ मध्ये तिथे ४०० हून अधिक मुले रस्त्यावर मेल्यानंतर पालकांनी मोठे आंदोलन केले, आणि पुढच्या काही वर्षांत वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये वाहनांचा वेग कमी करण्याचे नियम आले. मुलांना किती मोकळीक द्यावी हा प्रश्न आपण घरातला मानतो, परंतु त्याचे निम्मे उत्तर महानगरपालिकेच्या हातात असते. जिथे मुले चालतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सोसायटीने फाटकासमोर एक गतिरोधक मागून घेतला आणि कोपऱ्यावरचे पार्किंग हलवले, तर त्याचा फायदा शंभर मुलांना होतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात यावर मात्र क्वचितच चर्चा होते.

एवढा खटाटोप करायचा तो कशासाठी, असे कोणी विचारेल. मुलाला सोबत घेऊनच फिरले तर काय बिघडते? २०२३ मध्ये पीटर ग्रे, डेव्हिड लॅन्सी आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात असे मांडले की गेल्या काही दशकांत मुलांची स्वतंत्र हालचाल घटत गेली आणि त्याच काळात त्यांच्यातली चिंता आणि नैराश्य वाढत गेले, आणि पहिली गोष्ट दुसरीचे एक मोठे कारण असावी. त्यांची आकडेवारी मुख्यतः अमेरिकेची आहे, आणि त्याच काळात मोबाइल, परीक्षा, कुटुंबाचा आकार असे बरेच काही बदलले असल्याने कारण म्हणून एकाच गोष्टीकडे बोट दाखवताना सावध राहावे. तरी त्यामागची रीत पटण्यासारखी आहे. लहान मुलांच्या अवाजवी भीतीवर जे उपचार केले जातात, त्यांत मुलाला भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जाऊ देणे हाच मुख्य भाग असतो. दुकान बंद असताना काय करायचे ते स्वतः ठरवलेल्या मुलाला पुढच्या वेळी कमी धास्ती वाटते. तेवढेच ज्ञान आईने मागून सांगितले तर मुलाच्या पदरी उत्तर पडते, धीर पडत नाही.

हा विचार परदेशातून आयात केलेला आहे असेही नाही. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, आणि तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी इटलीच्या मारिया माँटेसरींची बालशिक्षणाची पद्धत मराठी मुलांपर्यंत आणली. बटण लावणे, पाणी ओतणे, भाजी चिरणे अशी खरी कामे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायची आणि मध्ये लुडबुड करायची नाही, हा त्या पद्धतीचा गाभा. मोकळीक घराबाहेर सुरू होते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की आठव्या वर्षापर्यंत स्वतःची बूट-चप्पल न शोधलेल्या मुलाला एकदम रस्त्यावर पाठवणे अवघड जाणारच.

घरात एकटे ठेवण्यातही तेच सूत्र चालते. पहिल्या खेपेस अर्धा तास, तोही आपण खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे असताना. निघण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, गॅलरीतली खुर्ची आत, न्हाणीघराची कडी मुलाच्या हाताला न लागेल अशी. दार वाजल्यास उघडायचे नाही, आत मोठे कोणी नाही हे सांगायचे नाही. धाकटे भावंड असेल तर हिशेब बदलतो. स्वतःपुरते जबाबदार असलेले नऊ वर्षांचे मूल दोन वर्षांच्या बाळाला सांभाळू शकेलच असे नाही. ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची आठ वर्षांची मुलगी रोज नेमके हेच करते, त्यांना हे वाक्य वाचून थोडे अवघडल्यासारखे व्हावे. निवडून दिलेली मोकळीक आणि नाइलाजाने आलेला एकटेपणा यांत फरक आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत भाऊ-बहिणीचे क्षेत्र साधारण सारखेच वाढत जाते, आणि मग मुलीचे अचानक आकसते. ज्या ग्रंथालयात ती वर्षभर एकटी जात होती तिथे आता धाकट्या भावाला सोबत म्हणून धाडले जाते. छेडछाडीची भीती खोटी नाही. पण ज्या वयात रस्त्याची आणि माणसांची पारख पक्की व्हायची त्याच वयात सराव थांबवल्याने ती पुढे कॉलेजात अधिक सुरक्षित होत नाही. मर्यादा घालायची असेल तर ती वेळेवर आणि रस्त्यावर घालावी, संध्याकाळी सातनंतर नाही, अमुक गल्लीतून नाही, आणि तीच भावालाही लागू करावी.

मुलाच्या मनगटावर ठिकाण दाखवणारे घड्याळ बांधण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मूल कुठे आहे हे कळल्याने पालकाचा जीव शांत होतो, मुलाला मात्र रस्ता ओलांडता येत नाही. दर दोन मिनिटांनी फोन करून निर्णय विचारणारे मूल एकटे गेलेले नसते.

आणि हे सगळे टाळले तरी निर्णय टळत नाही. ज्या मुलाला चौथीत असताना तीनशे मीटरवरच्या मैदानात पायी जाऊ दिले गेले नाही, त्याच्याच हातात दहावीच्या शिकवणीसाठी ॲक्टिव्हाची किल्ली दिली जाते, हे दृश्य बडोद्यात नवीन नाही. इथे मात्र कायद्याने वयाचा आकडा स्पष्ट दिला आहे. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचाच परवाना मिळू शकतो, आणि नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. नवव्या वर्षापासून पायी, बाराव्या वर्षापासून आतल्या रस्त्यांवर सायकलने, असे ज्याचे रस्त्याशी जमत आले आहे, त्याच्या शिकवणीच्या जाण्यायेण्यासाठी ही किल्ली द्यावी लागण्याचे कारणही सहसा उरत नाही.